चूलबंद आवतन

भिकनने एस.टी. कंडक्टरच्या हाती पाठवलेली डबी आठ दिवस झाले ओट्यावर तशीच पडून आहे. तोंडाला जुन्या पातळाची चिंधी, वर दोऱ्याचे चार वेढे. भिकन माझा धाकटा भाऊ. गाठ अशी मारतो की सोडणाऱ्याचे दात दुखावेत. डबीत आमच्या घरच्या कांद्याचं बी आहे. भांडी घासणारी बाई रोज ती उचलते, ओटा पुसते, पुन्हा जागेवर ठेवते आणि आतलं बी खुळखुळतं. एवढाच काय तो आवाज. पण तो ऐकला की माझं डोकं भणभणायला लागतं.

आमचे वडील, आबा, मला लहानपणापासून आग्या मोहोळ म्हणायचे. पाहुणेरावळे आले की सांगायचे, "आमनी पोरना वाटे जाऊ नका, उठी बसनी का बठ्ठास्ले डसी." पुढे पस्तीस वर्षं मी जळगावातल्या एका डाळमिलच्या ऑफिसात टायपिंग केलं, तिथेही लोक माझ्या टेबलाकडे जरा जपूनच यायचे. तेव्हा राग मला काही नवा नाही. आजवर तो कुणाच्या अंगावर सोडायचा हे मला नेहमी पक्कं ठाऊक असायचं. यंदा तेवढं राहिलेलं नाही.

हे बी आईने आणलं होतं. धुळ्याकडच्या तिच्या माहेराहून, लग्नात, पदराच्या गाठीत बांधून. तिखट, लालबुंद, पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाळीत टिकणारा कांदा. कांद्याच्या बियाचं आयुष्य मात्र थोडं. वर्ष-दीड वर्ष झालं की ते मेलंच म्हणायचं. म्हणून दरवर्षी चांगले, गोल, एकसारखे कांदे निवडून कार्तिकात पुन्हा जमिनीत लावायचे. माघात त्यांना पोकळ दांडे फुटतात आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे येतात. त्यांना आमच्याकडे डोंगळे म्हणतात. गोंड्यावर माशी बसली, या फुलावरून त्या फुलावर गेली, तर आत काळं बी भरतं. नाही बसली तर गोंडा वाळून उडून जातो. आईने हे पन्नास वर्षं केलं, तिच्यामागे भिकनने. गेल्या वर्षी गारपिटीने उभे डोंगळे झोपवले, बी हाती लागलंच नाही. यंदा लावलेले कांदे हे शेवटचे. यंदा भरलं नाही तर आईचा कांदा संपला, इतका सरळ मामला होता.

माघात भिकनचा फोन आला. "अक्का, डोंगळा फुलना. पन माशी नही शे. आठ दिन व्हयनात, एक माशी दिसनी नही. आईना कांदा जास आते."

"मी येस," मी म्हटलं. "तू काही करू नको."

सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला आतून बरंच वाटलं होतं. म्हटलं, आपल्याला बोलावलंय, आपल्याला ठाऊक आहे काय करायचं ते.

जळगावहून पारोळ्यापर्यंतचा तो रस्ता मी कितीदा तरी केला आहे. पूर्वी खिडकीतून दोन्हीकडे निंबाची झाडं सरकायची. चैत्रात निंब फुलायचा तेव्हा एस.टी.त डिझेलचा वास मागे पडायचा आणि तो गोडसर, कडसर वास आत शिरायचा. रस्ता रुंद झाला आणि निंब गेले. आता लवकर पोचता येतं म्हणून सगळे खूश आहेत. लवकर पोचून कुठे काय पाहायचं आहे, हे कुणी सांगत नाही. पारोळ्याला उतरून रिक्षा केली. गावाच्या अलीकडे जिथे बांधांना बोरी, बाभळी, हिवर असायचे, तिथे बांधच नव्हते. जेसीबी लावून सपाट. जे दोन-चार उरले ते तणनाशकाने पिवळे करपलेले. तरोटा नाही, कुर्डू नाही, दगडीची इवलीशी पिवळी फुलंसुद्धा नाहीत. आम्ही शाळेतून येताना ती देठासकट तोडून एकमेकींच्या वेण्यांत खोचायचो. शेत कसं स्वच्छ दिसलं पाहिजे म्हणे. या स्वच्छतेचं वेड आमच्या लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा.

वावरात पोचले तेव्हा नऊ वाजले असतील. पंधरा वाफे पांढऱ्या गोंड्यांनी भरलेले, ऊन नुकतं तापू लागलेलं. आणि शेत गप्प होतं.

या वेळेला ते वावर गप्प असणं काय असतं हे ज्यांनी ते बोलताना ऐकलं आहे त्यांनाच कळेल. आमच्या लहानपणी डोंगळा फुलला की सूर्य वर आल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत त्या वावरात कुणी पाऊल टाकायचं नाही. खुरपणी नाही, पाणी भरणं नाही, भाकरी नेणं नाही. आबा त्याला माशीचा पहार म्हणायचे. पहार म्हणजे प्रहर. विहिरीवर जायचं असलं तरी सगळ्या बांधाला वळसा घालून जायचं. एकदा मी घाईघाईत मधून पळाले. आबांनी मारलं नाही, नुसतं दंडाला धरून बांधावर उभं केलं. "त्यासनं वावर शे आते. बारा वाजता आपलं. समजनं?" मी उभी राहिले, आणि तळव्यांना ती गुणगुण जाणवत होती. कानांना तर होतीच, पण जमिनीतून वर येत असल्यासारखी पायांनाही.

धुळ्याचा मामा एकदा ऐन पहारात आला. केसांना चमेलीचं तेल, कपड्यांवर अत्तर, हातात खाऊची पिशवी. सरळ वाफ्यातून चालत घराकडे निघाला तर आबांनी लांबूनच हाक मारली. "तठेच थांबा पाव्हणा! तुमना वासवर बठ्ठ्या येडावतीन!" मेहुणा असूनही मामाला बारा वाजेपर्यंत बांधावर बसवून ठेवलं. उपाशी. आईने बोरीच्या सावलीत त्याला पाणी नेऊन दिलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. पुढची कितीतरी वर्षं मामा आमच्याकडे यायचा तो जेवायच्या वेळी, आणि घरात शिरण्याआधी विचारायचा, "कारे, पहार सरना का?"

डोंगळ्याच्या फुलाचा वास कुणाला आवडेल असा नाही. मध आणि कांदा एकत्र, गोड म्हणावं तर नाकात चुरचुरतं. विहिरीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या बऱ्याच वर, दोन दगडांच्या फटीत सातेरी माशीचं पोळं होतं. आबा वर्षातून एकदाच, तेही डोंगळा उतरल्यावर, पायऱ्यांवरून खाली जाऊन हाताएवढा तुकडा काढायचे आणि बाकीचं तसंच ठेवायचे. त्या मधाला कांद्याची चव यायची. खोकल्यावर म्हणून आई तो बळेच चाटवायची आणि आम्ही दोघं तोंडं वेंगाडायचो. आज त्या चवीसाठी मी काय वाटेल ते देईन.

आणि आवतन. पहिले गोंडे उमलले की एका सकाळी, ऊन पडायच्या आत, आई नवं पातळ नेसून पहिल्या गोंड्याला हळदकुंकू लावायची. पितळी घागरीत गूळ विरघळवलेला असायचा. मी आणि भिकन निंबाचे डहाळे घेऊन ते पाणी वाफ्यावाफ्याला शिंपडत जायचो, चिकट हातांनी, एकमेकांच्याही अंगावर. आबा विहिरीच्या कठड्यावर ओणवे व्हायचे आणि त्या फटीकडे बघून, लग्नाचं बोलावणं द्यावं तितक्या गंभीरपणे म्हणायचे, "आवतन शे बरं. चूलबंद शे. बठ्ठास्नी येवानं." चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना जेवणाचं बोलावणं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. असं बोलावणं जवळच्यांनाच देतात. आई म्हणायची, "त्याबी घरन्याच शेतस." आणि त्या यायच्या. ऊन गोंड्यांवर आलं की विहिरीतून धुरासारख्या वर यायच्या.

म्हणून त्या सकाळी मी आधी विहिरीकडे, आमच्या बोलीत हिरकडे, गेले. गुडघे दुखतात, तरी कठड्यावर ओणवी झाले. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. बराच वेळ नुसता अंधार, आणि मग त्या फटीच्या तोंडाशी हालचाल. एक. तीन. पाच-सहा. त्या अजून होत्या. मी अशी ओरडले की भिकन धावत आला. त्याला वाटलं, मी पडले.

"व्हतीन पाच-धा," तो म्हणाला. "त्यास्वर काय व्हनार? आठे पंधरा वाफा शेतस. मी बाया सांगेल शेतस. हातले कपडा गुंडायी गोंडावरथून फिरावाना. बठ्ठा आते तसंच करतस."

"माशीनं काम बाया करतीन? आनि माशी हिरमा बसी राही? त्यासले आवतन दिधं का तू?"

"आवतन!" भिकन हसला. "आबा गया, आवतन गयं. तुना मनमा शे त दे तू."

दुसऱ्या दिवशी त्याला आणि शोभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, जामनेरला साडूकडे साखरपुड्याला जायचं होतं. दोघं पहिल्या गाडीने गेली. घरात मी एकटी. मला तेच हवं होतं. पातेल्यात गूळ विरघळवला. पितळी घागर कधीच मोडीत गेली होती. डहाळा तोडायला म्हणून बाहेर आले तर बांधावर निंबच नाही. आमचे तीन निंब भिकनने तोडले, ट्रॅक्टर वळत नाही म्हणून. आणि हाताने शिंपडत पंधरा वाफे फिरायला माझे गुडघे तयार नव्हते. मग अवजारांच्या खोलीत खुंटीला टांगलेला पाठीवरचा पंप दिसला. म्हटलं, यानेच करू. तासाभरात होईल.

टाकीच्या तळाशी थोडं पांढुरकं पाणी होतं. ते मी विहिरीजवळच्या दगडी कुंडीपाशी ओतून दिलं. एक तांब्या पाणी टाकून टाकी हलवली, तेही तिथेच ओतलं. घागर विसळतात तशी विसळली. वास आला होता. खोटं कशाला बोलू? चांगला घशात बसणारा वास आला होता. पण तो वास आता सगळ्याच वावरांना येतो. एस.टी.च्या खिडकीतून येतो, भाजीच्या पिशवीला येतो. नाकाने त्याची दखल घेणं सोडून दिलं आहे.

गुळाचं पाणी भरलं, पट्टे खांद्यावर घेतले आणि वाफ्यावाफ्याला फवारत गेले. शेवटी कठड्यावर ओणवी झाले. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग आबांसारखं म्हटलं, "आवतन शे बरं. चूलबंद शे. बठ्ठास्नी येवानं."

त्या आल्या.

साडेआठ-नऊच्या सुमारास विहिरीतून वर आल्या, आणि पाच-दहा नव्हत्या, चांगल्या ओंजळभर असतील, वाढतच होत्या. गोंड्यागोंड्यावर बसल्या. मी बांधावर, आबा बसायचे तिथे बसले होते आणि मला रडू येत होतं. मोबाइलवर मुलीला व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, आवाज ऐक. काही माश्या कुंडीपाशी ओल्या मातीत पाणी पीत होत्या. आईच्या वेळी तिथे परातीत पाणी असायचं, त्यात गव्हाचं काड टाकलेलं, बुडू नयेत म्हणून. मी त्यांना तिथे पाणी पिताना पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, जागा विसरल्या नाहीत.

बारा वाजता मी वावरात उतरले. पहिल्या वाफ्याशीच एक माशी जमिनीवर गोल गोल फिरत होती. उलटी, पाय हलवत. तिच्या पुढे दोन. मग मी खाली बघायला लागले आणि बघतच गेले. गोंड्यांना चिकटून, पानांच्या बेचक्यांत, दांड्याला मिठी मारून बसल्यासारख्या, हात लावला की गळून पडणाऱ्या. कुंडीपाशी तर नुसता सडा होता. विहिरीत पाहिलं. फटीच्या तोंडाशी त्या एकमेकींना ओढून बाहेर काढत होत्या, आणि खाली पाण्यावर त्या पडत होत्या, पडत होत्या.

माझं डोकं फिरलं. डोळ्यांसमोर एकच नाव आलं. शेजारचे रामदास नाना. त्यांचं टरबूज आहे बांधाला लागून. ऐन पहारात यांनी फवारलं असणार! मी चपला न घालता त्यांच्या खळ्यापर्यंत गेले. नाना बाजेवर बसून दोरी वळत होते. आबांचे सोबती, आता ऐंशीच्या घरातले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस आहात का कोण आहात, इथपासून सुरुवात होती. तुम्ही लोकांनी मिळून मारलं, विषाला औषध म्हणता, रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात गोडं तेल भरता, तुमच्या टरबुजाला फळ काय आकाशातून धरणार आहे?

नानांनी सगळं ऐकून घेतलं. सुनेला पाणी आणायला सांगितलं.

"अक्का, बस पयले. पानी ले," ते म्हणाले. "मी सकायले फवारत नही. तुना आबानी माले शपथ घालेल शे. माशीना पहारमा मी पंप हातमा लेत नही. काल दिन बुडाले ऊना तव्हय फवारं. तुमनाच पंप लयेल व्हता. लाइट नव्हती, हिरवर मोटर चालेना, धोवाले पानी नही. तसाच तुमना खोलीमा टांगी ऊनू. भिकनले फोन करी सांगं का धोईसन घे."

मग माझ्याकडे पाहून, हळूच, "तू लिधा का पंप?"

हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला आणि उठले.

इतका राग घेऊन गेले होते, तो सगळा माझ्याबरोबर परत आला. रस्ताभर मी तो कुणाला तरी द्यायला बघत होते. भिकनला, निंब तोडले म्हणून, आणि पंप धुवायचं मला सांगितलं नाही म्हणून. त्याला काय स्वप्न पडलं होतं मी पंप घेईन म्हणून? शोभाला, घागर मोडीत दिली म्हणून. दुकानदाराला, ज्या माणसाने ते बाटलीत भरलं त्याला, वावर स्वच्छ ठेवा म्हणणाऱ्यांना, निंब कापून रस्ते करणाऱ्यांना. सगळे दोषी आहेत, एकालाही मी सोडणार नाही. पण आवतन मी दिलं होतं. माझ्या आवाजात, आबांच्या शब्दांत. आणि एक तांब्या पाण्याने विसळलं होतं.

तेव्हा मला आमच्या जळगावच्या इमारतीतलं पोळं आठवलं. पाण्याच्या टाकीखाली मोठं आग्या मोहोळ लागलं होतं. लहान मुलं आहेत, चावतील, म्हणून दोन माणसं बोलावली. त्यांनी लांब काठीला चिंध्यांचा बोळा गुंडाळून पेटवला. लोक गॅलऱ्यांतून मोबाइल धरून उभे होते. जळलेल्या मेणाचा गोड वास जिन्यात चार दिवस राहिला. मी तेव्हा काय केलं? खिडक्या लावून घेतल्या. धूर आत येत होता. ज्या बाईचं नाव घरात आग्या मोहोळ होतं, तिने खिडक्या लावून घेतल्या आणि चहा टाकला. त्या दिवशी हा राग कुठे गेला होता?

संध्याकाळी भिकन आला. मी त्याला सगळं सांगितलं, पंपापासून. वाटलं, ओरडेल. ओरडायला हवा होता. तो विहिरीवर जाऊन आला, हातपाय धुतले, आणि माझ्या शेजारी बसून म्हणाला, "जाऊ दे अक्का. आज नही त सकाय मरतीनच त्या."

माझी समजूत काढायला म्हणाला बिचारा. पण माझ्या उभ्या आयुष्यात मला कुठल्याही वाक्याचा इतका संताप आला नव्हता. मरतीनच! घरातलं कुणी गेल्यावर असं म्हणतो का आपण? आईच्या वेळी म्हणालास का? मी इतकी ओरडले की शोभा बाहेर आली. भिकन मान खाली घालून म्हणाला, "आईनं पातळ शे का एखांदं, जुनं? बायास्ले हातले गुंडायाले नरम कपडा लागस."

आईची दोन पातळं शोभाने जपून ठेवली होती. त्यातलं एक, निळ्या काठाचं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. ते मी माझ्या हाताने फाडलं. टर्रकन आवाज झाला, आणि पहिल्यांदा मला जरा मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन बाया, शोभा आणि मी. सगळ्यांच्या हातांना आईच्या पातळाच्या पट्ट्या. या गोंड्यावरून हात फिरवायचा, मग त्या, मग पुन्हा या. कुणी चेंडू कुरवाळावा तसं. दांडा मोडता कामा नये, पिवळी धूळ कापडाला लागली पाहिजे. सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत. म्हणजे ज्या वेळेला आबा मेहुण्यालाही वावरात येऊ देत नसत, नेमक्या त्या वेळेला आम्ही पाच बायका पंधरा वाफे तुडवत होतो. बाया मालिकांच्या गप्पा मारत होत्या. मधेच एक म्हणाली, "ह्या माश्या पगार नही मांगेत, नही का वो?" आणि सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. तासाभरात खांदे भरून यायचे. एक गोंडा म्हणजे शेकडो फुलं, ती एका दिवसात उमलत नाहीत, म्हणून रोज तेच गोंडे पुन्हा. ओंजळभर जीव हे गाणं म्हणत करत होते, आणि आम्ही कण्हत करत होतो.

आता ही डबी. आज शेवटी कात्रीने तिचा दोरा कापला. तोंडाची चिंधी निळ्या काठाची होती. चिमूटभर बी वाटीत पाण्यावर टाकलं. भरलेलं बी बुडतं, पोचट तरंगतं. थोडं तळाशी गेलं, बरंचसं वर राहिलं. भिकनला फोन केला.

"थोडं शे," तो म्हणाला. "पन शे. आईना कांदा यंदा ते वाची गया. पुढल्या साले तू येशी ना?"

मी हो म्हटलं. पुढच्या साली म्हणजे पुन्हा हातांना चिंध्या. फोन ठेवल्यावर वाटीकडे बघत बसले.

एक गोष्ट मी भिकनला सांगितलेली नाही, शोभालाही नाही. हाताने काम करायला लागलो त्याच्या चौथ्या दिवशी, दहाच्या सुमारास, माझ्या पुढच्याच गोंड्यावर एक माशी येऊन बसली. एकटी. विहिरीतली मागे उरलेली होती की आणखी कुठून आली होती, देव जाणे. पंख लखलख करत होते. बसली आणि लगेच कामाला लागली. त्या गोंड्यांवर माझं गुळाचं पाणी वाळून चिकटलेलं होतं, अजून चकाकत होतं. मी हातातलं पातळ झटकलं. ती उडाली, पुढच्या गोंड्यावर बसली. मी पुन्हा झटकलं. "जाय," मी म्हटलं. "आठे नको बसू. जाय ना माय, जाय." ती परत आली. तीन वेळा आली, चार वेळा आली. बाया पुढच्या वाफ्यात गेल्या होत्या. बांधावरून भिकनने हाक मारली, "अक्का, काय करी राह्यनी वो?"

आबांच्या वावरात, माशीच्या पहारात, आईचं पातळ हातात घेऊन मी माशी हाकलत होते.